बटाट्याचा पराठा : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

बटाट्याचा पराठा हा पंजाबकडचा पदार्थ. तेथे न्याहारीला तो दही, लोणचे आणि लोण्याच्या गोळ्याबरोबर खातात. पण त्यातला बटाटा मात्र मूळचा पंजाबचाही नाही आणि भारताचाही नाही. त्याची लागवड प्रथम दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात झाली. १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला व पुढे समुद्रमार्गे तो आपल्याकडे आला. उत्तरेत त्याला ‘आलू’ म्हणतात. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे.

हा पराठा करताना मोठी अडचण एकच. लाटताना तो फुटतो. खोली घेऊन हाताने स्वयंपाक करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव असेलच. सुटीत मी घरी पराठे केले, तेव्हा पहिले तीन फुटले. माझ्या आईने पराठा कधी केला नव्हता आणि शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तिने कणकेला व सारणाला बोट लावून पाहिले आणि म्हणाली, “कणीक घट्ट आन् सारण पातळ. पुरणाला आसं चालंल व्हय?”

या एका वाक्यावर विचार करता पुढील गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट पाण्याची. चिरून उकडलेले बटाटे पाणी धरतात, म्हणून ते सालीसकट अख्खे उकडावेत. पूर्ण निवू द्यावेत, म्हणजे वाफ निघून जाते. मग सोलून किसावेत. गुठळी राहिली तर तीच पारी फाडते. कोथिंबीर व पुदिना धुऊन फडक्यावर कोरडा करावा आणि मगच बारीक चिरावा. मीठ अगदी शेवटी घालावे, कारण मिठाने पाल्याला पाणी सुटते.

दुसरी गोष्ट कणकेची. गव्हाचे पीठ भिजवून मळले की त्यातील प्रथिनांचे ग्लूटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. मळल्याबरोबर ते ताठ असते. अर्धा तास झाकून ठेवल्यास सैल पडते व कणीक न फाटता ताणली जाते.

प्रमाण : गव्हाचे पीठ २ वाट्या, मध्यम बटाटे ४, हिरव्या मिरच्या २, आल्याचा लहान तुकडा, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, ओवा अर्धा चमचा, आमचूर १ चमचा, चवीपुरते मीठ. यात साधारण सहा पराठे होतात.

कृती : पारी मध्ये जाड व कडेला पातळ करावी, कारण कडा एकत्र येऊन तेथे जाडी वाढतेच. उंड्याएवढेच सारण भरून तोंड मिटावे. पिठीवर हलक्या हाताने, मध्ये दाब न देता लाटावे. तवा चांगला तापलेला असावा. दोन्ही बाजूंना डाग पडले की तूप सोडून खमंग भाजावे.

कणीक व सारण सारखेच मऊ असले, तर लाटण्याखाली दोन्ही बरोबरीने पसरतात. नाहीतर मऊ असेल ते घट्ट असलेल्याला फोडून बाहेर येते. पुरणपोळीचा हाच नियम आईने न पाहिलेल्या पदार्थाला लावला. ‘ग्लूटेन’ हा शब्द मला कॉलेजात आल्यावर मिळाला. त्याचे काम तिच्या बोटांना आधीच ठाऊक होते. तिच्या सांगण्यावरून सारण कढईत परतून कोरडे केले, कणीक पाण्याचा हात लावून पुन्हा मळली आणि झाकून ठेवली.

चौथा पराठा फुटला नाही. तो आईने खाल्ला.