ठिबकचा आराखडा आणि शेताचं खरं माप



सिंदफणेवरचं माजलगाव धरण दरसाल भरतंच असं नाही. म्हणून आपण उसाला ठिबक करतो. ठिबकचा आराखडा आता संगणकावर निघतो. नळीची रक्कम त्यावरच ठरते, तेव्हा तो आपल्यालाही वाचता आला पाहिजे.

कागदी नकाशात १:१००० प्रमाण म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा रानातला १० मीटर. संगणकात मात्र शेत पूर्ण मापानेच काढतात. १३२ फुटांचा बांध तिथेही १३२ फुटांचाच. लहान होतो तो फक्त छापताना.

घोटाळा होतो तो फूट आणि मीटरचा. फुटांचे आकडे मीटर म्हणून घातले, तर लांबी ३.२८ पट आणि क्षेत्र पावणेअकरा पट होते. ही चूक लगेच दिसते. लहान चूक मात्र लपून राहते. सगळ्या बाजू १० टक्के जास्त धरल्या, की क्षेत्र २१ टक्के वाढते आणि नळीही तेवढीच जादा लागते.

ताळा सोपा आहे. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, एकर ४० गुंठे. चार फुटी सरीत दर सरीला एक नळी धरली, तर एकरी १०,८९० फूट, म्हणजे सुमारे ३,३२० मीटर लागते. पाच फुटी सरीला सुमारे २,६५५ मीटर.

मागणी देण्याआधी टेप घेऊन एक बांध आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं तिरपं अंतर स्वतः मोजा. दोन्ही आकडे आराखड्याशी जुळले, तरच सही करा.