चुनकळीचा जमाखर्च

रसायनशास्त्र हा काही आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा प्रांत नव्हे. पण अर्थशास्त्राच्या तासाला जमाखर्च आम्हीही शिकतो. त्याच नजरेने मी येथे चुन्याकडे पाहणार आहे.

भिंतींना सफेती देण्यापूर्वी चुनकळी विरवताना पुष्कळांनी पाहिले असेल. कोरड्या पांढऱ्या खड्यांवर पाणी पडताच ते फुगतात, फुटतात आणि पिंपातले पाणी खदखदू लागते. खाली जाळ नाही की निखारा नाही! एक किलो चांगल्या चुनकळीतून निघणारी उष्णता तीन लिटर गार पाणी उकळीला आणण्यास पुरेशी असते. (मुले जवळ गेली की वडीलमंडळी ओरडतात ते योग्यच, हा चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते.) मग ही उष्णता आली कोठून?

अठराव्या शतकात युरोपातील अनेक विद्वान म्हणत, की भट्टीतील अग्नीचे कण दगडात शिरून बसतात, म्हणून चुना दाहक होतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने तराजू पुढे केला. १७५६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने दाखवले, की भाजल्याने दगडात भर पडत नाही; उलट त्यातून एक वायू निघून जातो. तोच आपला कार्बन डाय-ऑक्साइड. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली, की ५६ ग्रॅम चुनकळी उरते व ४४ ग्रॅम वायू जातो.

पण ही फारकत फुकट होत नाही. भट्टी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि नुसत्या विघटनासाठीच त्या १०० ग्रॅमला १७८ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. ही झाली उष्माग्राही क्रिया. पुढे त्या ५६ ग्रॅम चुनकळीला १८ ग्रॅम पाणी मिळाले, की ७४ ग्रॅम विरी चुना होतो व ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. बाकीचे ११३? ते भिंतीवर मिळतात. तेथे चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडी बनतो; मात्र इतक्या संथपणे, की भिंतीला हात लावून ऊब जाणवू नये. ६५ आणि ११३ मिळून १७८. पै न पै परत! हेसने १८४० साली मांडलेला नियम हाच: एकूण उष्णता वाटेवर अवलंबून नसते, केवळ आरंभ व शेवट यांवर असते.

म्हणूनच ब्लॅकने खोडलेले ते जुने मत मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. दगडात पदार्थ शिरला नव्हता, पण ऊर्जा शिरली होती. त्या विद्वानांनी दोहोंना एकाच तराजूत घातले, एवढेच. पुढे सुप्त उष्णतेचा शोध लावणाराही हाच ब्लॅक, ही मौजेची गोष्ट.

भट्टीत जळलेला कोळसा मात्र या वहीत कोठेच नाही. भिंत परत घेते तो दगडातून गेलेला वायू, तोही वर्षानुवर्षे रेंगाळत. कोळशाचा वायू तिच्या खाती नाही.