ओझोन वायूची मोजणी व पिकांचे आरोग्य

आटगाव परिसरात भाताची कापणी झाल्यावर वाल, भेंडी यांसारखी पिके घेतली जातात. वालाच्या जुन्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके दिसले की रोग समजून औषध फवारण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. परंतु असे ठिपके हवेतील ओझोन वायूमुळेही पडतात. अशा वेळी फवारणीचा खर्च व्यर्थ जातो. म्हणून या वायूची ओळख असणे अगत्याचे आहे.

ओझोनची दोन स्थाने

ओझोनचा रेणू प्राणवायूच्या तीन अणूंचा बनलेला असतो. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन पुष्कळ उंचीवर, मुख्यत्वे १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात असतो. तेथे तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवितो. जमिनीलगतचा ओझोन मात्र पिकांस अपायकारक असतो. वाहने, कारखाने व जाळ यांच्या धुरातील वायूंवर प्रखर ऊन पडले म्हणजे तो तयार होतो. वाऱ्याबरोबर हे वायू शहरापासून दूरच्या शिवारातही पोहोचतात. पानांच्या रंध्रांतून ओझोन आत शिरला की पेशींना इजा होऊन उत्पन्न घटते.

उंचावरील मोजणी

प्रत्येक आकाशवाणी केंद्राची लहर जशी ठरलेली असते, तशीच प्रत्येक वायूचीही असते. ओझोनच्या रेणूंतून निघणारी एक क्षीण लहर सुमारे २.७ मिलिमीटर लांबीची आहे. जमिनीवरील मिलिमीटर-लहरी यंत्र ती टिपते. खालच्या थरांत हवेचा दाब अधिक असल्याने तेथील लहरींचा पट्टा रुंद, तर वरच्या थरांतील अरुंद असतो. त्यावरून कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे हे काढता येते. या यंत्रास सूर्यप्रकाश लागत नाही. मात्र हवेतील बाष्प या लहरी शोषून घेते. म्हणून कोरडी, उंच ठिकाणे त्यास सोयीची असतात.

१९८६ मध्ये अंटार्क्टिकावर अशाच यंत्राने ओझोनचा नाश करणारा क्लोरीन मोनॉक्साइड वायू मोजला गेला. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला व १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला.

शिवारातील ओझोन

जमिनीलगतच्या ओझोनसाठी निराळे यंत्र वापरतात. त्यात हवेच्या नमुन्यातून अतिनील प्रकाश सोडून किती शोषला गेला हे पाहतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार २००५ साली देशात ओझोनमुळे सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन भाताचे नुकसान झाले. पावसाळ्यात ढगांमुळे व समुद्रावरील स्वच्छ हवेमुळे हे प्रमाण कमी राहते. हिवाळी व उन्हाळी पिकांस धोका अधिक असतो.

काय करावे

१. ठिपके जुन्या पानांच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात आहेत काय, हे पाहावे.

२. पानाच्या खालच्या बाजूस बुरशी किंवा कीड आहे काय, हे भिंगाने तपासावे. निदान झाल्यावाचून फवारणी करू नये.

३. राबासाठी पालापाचोळा व गोवऱ्या जाळण्याऐवजी गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोपे करावीत. एका शेतातील धूर थांबल्याने ओझोन नाहीसा होणार नाही. तथापि गावाने मिळून हे केल्यास धूर कमी होईल व खतही जमिनीस मिळेल.