आधी हिशेब, मग मेमरी

गगनबावड्याचा पाऊस संगणकावर उभा करायचा तर मोठ्या चौकटी चालत नाहीत. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला की काही किलोमीटरांत कोकण लागतं. 9 किलोमीटरच्या चौकटीत घाटमाथा आणि पायथा एकच होऊन जातात. घाटमाथ्यावरचं पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत जातं. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला या बारकाव्याचं मोल ठाऊक आहे. म्हणून आम्ही डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल 1 किलोमीटरवर चालवलं. त्याच क्षेत्रात बिंदू 81 पट झाले.

मॉडेल चाललं, पण निकाल एकत्र करणारा आमचा फोरट्रान प्रोग्रॅम मेमरी मिळत नाही म्हणून थांबला. क्लस्टरवरचे नोड वाढवले, तरी तो तिथेच थांबला. प्रत्येक प्रोसेसचा वापर वेगळा नोंदवल्यावर उलगडा झाला. सगळे तुकडे शून्य क्रमांकाच्या प्रोसेसकडे गोळा होत होते. नोड कितीही जोडा, त्या एका प्रोसेसवरचा भार घटत नव्हता. मग पावसाची बेरीज प्रत्येक प्रोसेसकडून आपापल्या तुकड्यावरच करून घेतली, फाइलही समांतर लिहिली, आणि काम पार पडलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर मेमरी वाढवून मागण्याआधी कोण, कुठे, किती मागतंय ते शोधा.

कागदावर हिशेब मांडा. 1000 गुणिले 1000 गुणिले 50 बिंदू म्हणजे 5 कोटी आकडे. प्रत्येकी 4 बाइट धरले तर एका राशीला 20 कोटी बाइट. एका नोडवरच्या 40 प्रोसेसनी पूर्ण प्रत बाळगली, तर तेच 800 कोटी होतात.

त्याच राशीचा अ‍ॅरे दर तासाला एक नोंद धरून 48 तासांचा केला की 240 कोटी घटक होतात. 32 बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा 2,14,74,83,647 आहे. त्यापुढे आकार ऋण होऊ शकतो आणि मेमरी मोकळी असूनही मागणी फसते. आकार 64 बिटांत मोजा.

फोरट्रानमध्ये मेमरी मागणाऱ्या प्रत्येक अ‍ॅलोकेटला चूक कळवणारा स्टॅट जोडा. चूक झाल्यास प्रोसेसचा क्रमांक आणि मागितलेला आकार छापा. मात्र स्टॅट शून्य आला म्हणून निर्धास्त राहू नका. लिनक्स बहुधा आधी होकार देतं, मेमरीची पानं प्रत्यक्ष वापरताना जागा संपली की प्रोसेस मारतं. असं मरण प्रोग्रॅमच्या संदेशात दिसत नाही, ते सिस्टिमच्या लॉगमध्ये शोधा. अशा वेळी नोडमागे प्रोसेस कमी ठेवल्या की प्रत्येकीला जास्त जागा मिळते.

सेगमेंटेशन फॉल्ट आला तर स्टॅकची मर्यादा तपासा. ओपनएमपीच्या थ्रेडांचा स्टॅक वेगळा असतो. त्याआधी लहान क्षेत्र घेऊन, अ‍ॅरेच्या सीमा तपासणारा पर्याय लावून प्रोग्रॅम चालवा. सीमेबाहेरचं लिखाण अनेकदा भलत्याच ओळीवर उघडकीला येतं.

एवढं हाताशी असेल तर क्लस्टर सांभाळणाऱ्यांकडे जा. तुमच्या प्रश्नाला तिथे नेमकं उत्तर मिळेल.