मुखत्यारपत्राचा धडा
(नागरिकशास्त्र : वरच्या इयत्तांसाठी)

‘प्रतिनिधी’ या शब्दाची व्याख्या मुलांकडून पाठ करून घेणे सोपे आहे. त्या शब्दामागील नाते त्यांच्या मनावर ठसविणे मात्र कठीण आहे. त्यासाठी पुणे शहराच्या इतिहासातील पुढील उदाहरण उपयोगी पडेल.

पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी पुण्यातील लोकांच्या तक्रारी होत्या. त्या निमित्ताने लोकांच्या वतीने बोलणारी संस्था असावी, असा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्रमुख चालक. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणत. सभेचा एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा होता. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावयाचे. ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही यास देतो’ हा त्या पत्राचा आशय. प्रारंभीच्या ९५ सभासदांमागे अशी सुमारे सहा हजार माणसे उभी होती. त्या काळी सामान्य माणसास मताचा अधिकार नव्हता. तरीही लोकांचा अधिकार प्रथम आणि प्रतिनिधीचा त्यानंतर, हे तत्त्व या नियमाने मान्य केले.

परंतु अधिकार असणे आणि तो ठाऊक असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. १८९६ साली दुष्काळ पडला. दुष्काळात शेतकऱ्यास साह्य व साऱ्यात सूट कोणत्या परिस्थितीत मिळावी, याचे नियम सरकारनेच केलेले होते. पण ते शेतकऱ्यास माहीत नव्हते. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ते मराठीत समजावून दिले आणि सभेचे कार्यकर्ते ते सांगण्यासाठी खेडोपाडी गेले. त्यांपैकी काहींवर खटले झाले आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. लिहिलेला कायदा वाचून दाखविणे एवढेच त्या कार्यकर्त्यांचे मुख्य काम होते. ज्ञानी प्रजेचे भय राज्यकर्त्यांस किती वाटते, हे यावरून मुलांना पटवून द्यावे.

आज मत हेच आपले मुखत्यारपत्र होय. १९८९ पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मताचा अधिकार आहे. सभेच्या पत्रावर सही उघड होती. आपले मत गुप्त असते. सावकार, मालक किंवा भावकी यांच्या दडपणापासून मतदाराचे रक्षण व्हावे, हा त्यातील हेतू आहे.

वर्गातील उपक्रम : पिण्याच्या पाण्याची व्यवस्था किंवा वाचनालयाची पुस्तके असा एखादा खरा प्रश्न घ्यावा. मुलांनी चिठ्ठ्यांद्वारे गुप्त मतदान करून प्रतिनिधी निवडावा. त्याने काय करावे, हे सर्वांनी मिळून कागदावर लिहून द्यावे. आठ दिवसांनी त्याने वर्गापुढे हिशेब द्यावा आणि मुलांनी निर्भयपणे, परंतु सभ्यपणे प्रश्न विचारावेत. शिक्षकांनी मध्ये पडू नये. गावची ग्रामसभा हे याचेच मोठे रूप आहे, हे शेवटी सांगावे.

प्रश्न :
१. सार्वजनिक सभेच्या सभासदास सह्या कशासाठी आणाव्या लागत?
२. मत गुप्त का असावे?
३. आपल्या ग्रामपंचायतीस विचारावा असा एक प्रश्न लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावीत. मुलांनी ती घरी वाचून दाखविली, तर हा धडा वर्गापुरता राहणार नाही.