नारळावरचा सामना

आमच्या तालमीच्या संघाला काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम कसा गेला, हे कोल्हापुरात आम्हाला विचारायचं नसतं. लीगमध्ये तळ गाठला, चषक स्पर्धांत टायब्रेकरवर बाहेर पडलो आणि हातातला सामना शेवटच्या मिनिटाला घालवायची तर सवयच लागली. तालमीचं नाव सांगत नाही. जखमेवर मीठ चोळायला बाकीच्या पेठा समर्थ आहेत. बाहेरच्यांसाठी एवढंच, की इथले फुटबॉल संघ तालमी-मंडळांचे, तालमी पेठांच्या, आणि शाहू स्टेडियमवर नव्वद मिनिटांत जे घडतं ते रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतं. मे महिन्यापर्यंत आमच्या घरातली पोरं एकमेकांशी धड बोलेनाशी झाली होती. त्यातून घरचा एक सामना सुरू झाला आणि बघता बघता त्याची रीत पडली. रीत उत्साहाने सुरू होते, पण टिकते सोयीने, हे त्यातून पक्कं कळलं. तुम्हालाही असा सामना सुरू करायचा असेल, तर बाकीचं असं :

१. दुखणं कुठे आहे ते बघा.
पायऱ्यांवर बसून घसा फोडणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. गोलकीपर उगाच पुढे येतो, बॅकचा पाय घसरतो, पंच ऑफसाइड देतो. सगळं दुसऱ्याच्या पायांनी घडतं आणि जेवण आपलं जात नाही. अशा वेळी ‘अरे, खेळच आहे’ असं कितीही समजावलं तरी पोरांच्या डोक्यात शिरत नाही. त्यांच्या पायाशी चेंडू द्यावा, बोलणं आपोआप सुरू होतं.

२. नवी तारीख काढू नका, असलेल्या दिवसाला जोडा.
आषाढात आमच्याकडे त्र्यंबोली देवीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेकडीवर जातं आणि त्या दिवसांत घरोघरी पाहुण्यांना मटणाचं जेवण असतं. माणसं येणारच असतात. शिवाय पावसामुळे मोठा फुटबॉल तेव्हा बंद असतो, त्यामुळे सामना बुडाला म्हणून कुणी कुरकुरत नाही. आम्ही त्यातलाच एक रविवार धरला. ‘सगळ्यांना जमेल असा दिवस’ शोधत बसलो असतो, तर अजून शोधतच बसलो असतो.

३. नियम सर्वांत लहान आणि सर्वांत थोरल्या खेळाडूकडे बघून करा.
मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम भरतो, ओला झाल्यावर तो पोरांच्या पायाला दगडासारखा लागतो. म्हणून आम्ही चार नंबरचा वापरतो. इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डला २०११ पासून वयस्कर मंडळींसाठी चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला, त्यात धावलं की फाउल. तो नियम आम्ही साठीपुढच्यांना लावला, आणि त्यांच्या पायातला चेंडू हिसकावायला कुणी धावत जायचं नाही, ही आमची भर. तालमीकडून खेळलेल्या पुतण्याला फक्त डाव्या पायाने मारायची मुभा आहे. तक्रार तो दरवर्षी करतो, पण त्याचा डावा पाय आता चांगलाच तयार झालाय.

४. आधी चूल कुणाकडे, ते ठरवा.
बायका भाकऱ्या थापतायत आणि पुरुष खेळतायत, तर ती घराची रीत झालीच नाही. आमच्याकडे मटण पहाटेच चुलीवर चढतं आणि ते पुरुषांनी चढवायचं, भाकऱ्या बाहेरून येतात. पहिल्या वर्षी काकू ‘मी आपली बघते’ म्हणत माळाच्या कडेला उभ्या होत्या. चेंडू पायाशी आला तशी त्यांनी पदर खोचला, चप्पल बाजूला सारली आणि अंगठ्याच्या टोकाने असा काही हाणला, की गोलीत उभा असलेला त्यांचा थोरला मुलगा वाकेपर्यंत चेंडू मागच्या उसात. ऊस तुडवत चेंडू आणायला गेला तोही तोच. काकू आता गोली सोडून कुठेही खेळायला तयार असतात.

५. संघ चिठ्ठ्यांवर पाडा.
आमचे एक जावई खुन्नस असलेल्या पेठेतले. मोठ्या सामन्याच्या दिवशी ते घरी येत नाहीत, आले तर चहा न घेता जातात. घरच्या सामन्यात तालमीची जर्सी घालायची नाही आणि चिठ्ठी निघेल त्या बाजूला खेळायचं. सासरे आणि जावई एका बाजूला आले, तेव्हा सासरे म्हणाले, “पाव्हणं, आज तरी आमच्या बाजूनं मारा की!” पाव्हण्यांनी मारलाही. चहाही घेतला.

६. बक्षीस छोटं, नोंद पक्की.
कोल्हापूर मुळात कुस्तीचं. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलं, आणि कुस्तीच्या फडावर सगळ्यांत लहान पोरांची जोड नारळावर लागते. आमचा सामनाही नारळावर. जिंकणाऱ्यांनी नारळ घ्यायचा आणि स्वयंपाकघरात द्यायचा. त्याचं दूध पांढऱ्या रश्शात पडतं, म्हणजे हरणारेही ते बक्षीस वाटीवाटीने ओरपतात. निकाल आजी वहीत लिहिते. एका वर्षीची नोंद : ‘पाऊस फार. धाकट्याने गोल मारला. आपल्याच गोलीत. मोजला.’

७. आपला संघ सोडू नका.
घरचा सामना सुरू झाला म्हणून तालमीचा संघ जिंकायला लागत नाही. हरला की आजही वाईट वाटतं. पण पोरं आता वेगळं बघतात. चिखलात चेंडू अडवताना किती त्रेधा उडते हे पायांना ठाऊक झाल्यावर घसरलेल्या बॅकला शिव्या कमी पडतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला, पण त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि त्याचा अभिमान इथे कुणी निकाल बघून कमी केला नाही. त्याच मापाने आपल्या पेठेतल्या पोरांकडेही बघता येतं.

सुरुवातीला मोठा घाट घालू नका. जर्सी छापणं, फिरता चषक, ड्रोनने शूटिंग यांत पैसा जातो, आणि पुढच्या वर्षी तेवढा खर्च जमला नाही की सामनाच राहतो. चार-सहा माणसं, एक चेंडू आणि गोलीच्या खुणेला चपलांचे दोन जोड, एवढ्यावर भागतं. जेवण त्या दिवशी तसंही शिजणारच असतं.