भूल, हृदय आणि ऑक्सिजनचा टँकर



रक्ताभिसरणाचा पाठ चालू असला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: "बाई, ऑपरेशनच्या वेळी माणूस झोपतो, मग हृदयपण झोपतं का?" 'नाही' म्हणून पुढे जाता येतं. पण सगळा पाठच या प्रश्नात दडलेला आहे, म्हणून जरा थांबूया.

लहान मुलं सुईला घाबरतात, म्हणून बऱ्याचदा त्यांना मास्कमधून भूल देतात. त्यासाठी हल्ली सेव्होफ्लुरेन हे औषध वापरतात. बाटलीत ते द्रव असतं, यंत्रात त्याची वाफ होते आणि ती ऑक्सिजनबरोबर फुप्फुसात जाते. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. पण रक्त काही फक्त मेंदूकडे जात नाही! तीच वाफ हृदयाच्या स्नायूपर्यंतही पोहोचते. मग ठोका थोडा कमी जोराचा पडतो, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. श्वासही उथळ होतो. किती, ते मात्रेवर अवलंबून.

आता ऑक्सिजन. करोनात ऑक्सिमीटर घराघरात आला आणि "98 आहे ना, मग झालं" असं आपण म्हणायला लागलो. इथे मी मुलांना टँकरचं उदाहरण देते. टँकर काठोकाठ भरलाय, पण तेवढ्यावरून गावाला पाणी किती मिळणार ते कळतं का? टँकर केवढा आणि दिवसाला खेपा किती, तेही बघावं लागतं. ऑक्सिमीटर फक्त टँकर किती भरलाय ते सांगतो. टँकरचा आकार म्हणजे हिमोग्लोबिन, आणि खेपा म्हणजे हृदय दर मिनिटाला पुढे ढकलतं ते रक्त.

वरच्या वर्गांना हे फळ्यावर मांडून दाखवा. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिली ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन 15 असेल तर 100 मिली रक्तात साधारण 20 मिली. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त फिरवतं, म्हणजे 1000 मिली ऑक्सिजन. स्वस्थ पडलेलं शरीर त्यातला 250 मिलीच्या आसपास वापरतं. समजा भुलेत प्रवाह 4 लिटरवर आला, तर 800. आणि हिमोग्लोबिन 9 च असेल तर? जेमतेम 480. ऑक्सिमीटर तेव्हाही 98 दाखवू शकतो!

घाबरू नका, भुलेत शरीराची गरजही कमी होते. हृदय कमी जोर लावतं, म्हणून त्याला स्वतःलाही ऑक्सिजन कमी लागतो. जमाखर्च बहुतेक वेळा जुळतो. तो जुळतोय ना, हे बघायलाच भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत रुग्णाजवळ असतात.

हे कळायला फार वर्षं लागली. 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर पुढे मोठा वाद झाला. निजामाच्या पैशाने हैदराबादेत 1888 आणि 1889 मध्ये दोन कमिशनं बसली. प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निर्वाळा दिला की धोका श्वासाला, हृदयाला थेट नाही. तो टिकला नाही. 1911 मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये ॲड्रेनॅलिन मिसळलं की हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जातच नाही. ॲड्रेनॅलिन म्हणजे भीतीने अंगात वाढणारं तेच रसायन. सेव्होफ्लुरेनमध्ये हा धोका फारच कमी आहे.

पालकांनो, मुलाचं ऑपरेशन ठरलं तर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, हृदयात आवाज असल्याचं कधी कोणी सांगितलं असेल तर ते, आणि घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल तर तोही भूलतज्ज्ञांना सांगा. उपाशी ठेवायची वेळ पाळा. "बिस्किटच दिलं" हेसुद्धा लपवू नका. आणि सर्दी-खोकला असेल तर तारीख जाईल म्हणून गप्प बसू नका. वजनाच्या मानाने मुलांना ऑक्सिजन मोठ्यांपेक्षा जास्त लागतो आणि त्यांच्या फुप्फुसातला साठा लवकर संपतो. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, भुलेत ती आवळली तर ऑक्सिमीटरचा आकडा काही सेकंदांतच घसरायला लागतो.